मावशीच्या सवतीचं तेल

"घट्ट तेल जपतं, पातळ तेल पळतं, आता माणसानं ठरवावं, आपल्याला जपायचंय की पळायचंय," असं काका एकदा म्हणाले होते. त्या वेळी ते गाडीखाली उताणे पडलेले होते आणि बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. चपलांनी सांगितलेलं तत्त्वज्ञान सहसा कुणी मनावर घेत नाही. मावशीनेही घेतलं नाही.

"आधी बाहेर यायचंय की आतच राहायचंय ते ठरवा," ती म्हणाली. "जेवण गार होतंय."

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. जन्मभर एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लाकडी फळीमागे उभं राहायचं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, तीन-चार बरण्यांतून ओतून मिक्श्चर करायचं, बाटली हलवायची आणि तिच्या अंगावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, म्हणजे एका वेळी किती प्यायचं ते रोग्याला कळावं. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं, की घरी सरबताच्या बाटलीलाही ते पट्टी चिकटवत. त्यांच्या हातात एक गुण होता आणि तोच दोषही होता. कडू औषध घेताना रोग्याने तोंड वाकडं केलं, की काका डॉक्टरांना न विचारता त्यात थोडा गोड पाक घालत. रोगी खूश व्हायचा. आजार जरा जास्त दिवस राहायचा, पण राहायचा तो आनंदाने. कुणाला नाही म्हणणं काकांना जमत नसे. नाही म्हणायची वेळ आली की ते बाटली हलवू लागत. हातात बाटली नसली तरी मनगट हलायचं.

डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. जाताना त्यांनी काकांना आपली गाडी दिली. दोनच माणसं बसतील अशी, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, फिक्या हिरव्या रंगाची स्पोर्ट्‌स कार. डॉक्टर तिच्यातून तरुणपणी वाऱ्यासारखे जायचे म्हणे. काकांकडे आली तेव्हा ती वाऱ्यासारखी नव्हती, वात झाल्यासारखी होती. "हिला वेळेवर औषध देत राहा," एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि काकांनी ते शब्दशः घेतलं.

घराच्या पुढच्या बाजूला शटर असलेली एक खोली होती. गाडी तिथे राहायला आली. मावशी त्याच घरात शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची. तिचं शिलाई मशीन मधल्या खोलीत, कपाट आणि पलंग यांच्या फटीत होतं. पायडल मारताना तिचा गुडघा पलंगाला लागायचा. दुसरं मशीन घ्यायचं तिच्या मनात कधीपासून होतं, पण ठेवणार कुठे? पुढची खोली उजेडाची, रस्त्याला लागून. गिऱ्हाइकाने सरळ आत यावं अशी. आणि तिथे ही बसलेली.

"लोकांच्या नवऱ्यांना बाहेरच्या भानगडी असतात," मावशी म्हणायची. "ह्यांनी सवत घरात आणली, तीही पुढच्या खोलीत. मी मागे पलंगाला गुडघे मारतेय."

तेव्हापासून गाडीचं नाव सवत पडलं. काकाही तेच म्हणू लागले. "सवतीचा पंखा बदलायचाय." "सवतीला आज जरा घरघर होतेय."

मी तेव्हा नोकरीसाठी मावशीकडे राहत होतो. माझे आईवडील घाट चढून वर, डोंगरावरच्या गावात. त्यामुळे या घराचं त्या घरी आणि त्या घराचं या घरी, असं माझ्याकडून नकळत वाहत असे.

मागच्या वर्षी काका मावशीला सवतीतून माझ्या आईकडे न्यायला निघाले होते. घाटाच्या मध्यावर समोरच्या पट्टीवरचा लाल दिवा लागला. तो तेलाचा दिवा. इंजिनात तेलाचा दाब कमी झाला की लागतो.

"हे काय?" मावशीने विचारलं.

"काही नाही, जुना आहे. उगाच लागतो."

मग नाकाच्या बाजूने धूर आला. काकांनी घाबरून इंजिन बंद केलं, आणि ते पुन्हा चालू झालं नाही. या इंजिनाची तीच खोड होती. गरम असताना बंद केलं, की पुरतं थंड होईपर्यंत रुसून बसायचं. शेवटी एका भाजीच्या टेम्पोने दोर बांधून त्यांना परत ओढत आणलं. मावशी स्टिअरिंग धरून आत बसली होती, काका टेम्पोत कोबीच्या पोत्यांवर उलटे बसून तिला हाताने खुणा करत होते, आणि अख्खा रस्ता बघत होता. शटरपाशी उतरल्यावर मावशीने शेजारणीला एवढंच सांगितलं, "वरात होती."

त्या दिवसापासून दोघांनी दोन वेगळे धडे घेतले. काकांनी ठरवलं, वाटेत काही झालं तरी गरम इंजिन बंद म्हणून करायचं नाही. उतरायचं, वाकायचं, पोट तपासायचं, पण किल्ली फिरवायची नाही. कोपऱ्यावर दूध आणायला सवतीतून गेले तरी ते तिला तशीच घरघरत ठेवून आत जात. आणि मावशीने लक्षात ठेवला तो लाल दिवा.

यंदा गणवेशांचं काम वाढलं. एका दुपारी सुई मोडल्यावर ती उठून पुढच्या खोलीत आली. काका सवतीचं नाक पुसत होते.

"अहो, ऐका. मी भांडायला आले नाहीये."

काकांचं मनगट लगेच हलू लागलं.

"ही गाडी गाडीसारखी चालत असेल तर राहू दे. मी एक शब्द बोलणार नाही, मशीनचं नावही काढणार नाही. पण चालत नसेल तर ती गाडी नाही, कपाट आहे, आणि कपाटं मला पुष्कळ आहेत. ताईकडे जायचं. मला घेऊन. वर पोहोचेपर्यंत तो लाल दिवा लागला नाही तर तुम्ही जिंकलात. लागला तर दातांच्या डॉक्टरांना फोन करायचा."

दातांचे डॉक्टर म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. त्यांना सवत फार आवडली होती. ते म्हणाले होते, मी तिला काचेच्या खोलीत ठेवीन, चालवणारसुद्धा नाही. हे ऐकून काकांना रात्रभर झोप लागली नव्हती.

"लागला तर…" काका म्हणाले.

"लागला तर लागला. जुना आहे, उगाच लागतो, हे चालणार नाही."

म्हणजे सगळं तेलावर आलं.

काकांनी गाडीबरोबर आलेली पुस्तिका काढली. तीत तेलाचे तीन प्रकार दिले होते, हवेच्या मानाने. थंडीत हे, उन्हात ते, मधल्या हवेत तिसरं; आणि तिन्हींचे पट्टे एकमेकांवर असे चढले होते की बाहेरच्या त्या दिवशीच्या हवेला तिन्ही चालत होती. शिवाय ती पुस्तिका गाडी कोरी असतानाची. "लग्नातल्या फोटोवरून आत्ताची प्रकृती कशी ठरवणार?" काका म्हणाले. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी तो दाखला पुन्हा दिला नाही.

मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींचं गॅरेज गल्लीच्या टोकाला होतं. ते बोलताना नेहमी कापसाने हात पुसत, आणि पुसून झालेले हात कधी स्वच्छ दिसत नसत.

"वीस-पन्नास," मिस्त्री म्हणाले. "डोळे मिटून. हिचे सांधे झिजलेत, फटी वाढल्यात. पातळ घातलंत तर फटींतून निसटून जाईल, दाब राहायचा नाही, आणि गरम झाल्यावर तुमचा दिवा पेटेल."

"ते वीस म्हणजे काय आणि पन्नास म्हणजे काय?" मी विचारलं.

उत्तर काकांनीच दिलं. हा विषय त्यांना औषधासारखा वाटे. "पहिला आकडा सकाळचा, दुसरा दुपारचा. इंजिन गार असताना तेल किती जाड, आणि तापल्यावर किती जाड. आकडा मोठा तेवढं घट्ट. पातळ असलं तर सकाळी चटकन सगळीकडे पोहोचतं. घट्ट असलं तर उठायला कंटाळा करतं, पण दुपारी कामाला टिकतं."

"म्हणजे मी पातळ आहे," मी म्हणालो.

"तू बाटलीतच आहेस अजून," मिस्त्री म्हणाले.

प्रश्न इथेच मिटायचा. पण माझे वडील होते. वडील काकांचे साडू. साडू म्हणजे असा माणूस, ज्याच्याशी रक्ताचं नातं नाही, पण चढाओढ रक्तातली. वडिलांनी नुकतीच नवी कोरी गाडी घेतली होती. तिच्यात पाण्यासारखं पातळ तेल पडतं, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते कामासाठी खाली आले तेव्हा मावशीकडे डोकावले, आणि येताना पाच-तीसचा एक डबा घेऊन आले. डब्याला वर रिबीन बांधली होती.

"हे घ्या, साडू. माझ्याकडून भेट. जग पातळाकडे चाललंय. घट्ट तेल म्हणजे इंजिनाला गोधडी पांघरणं."

"पण मिस्त्री म्हणतात…"

"मिस्त्री काय म्हणणार? घट्ट घातलं की खडखडाट ऐकू येत नाही, म्हणून म्हणतात. बहिऱ्याला सगळं शांतच. हेच घाला. वर आलात की मी स्वतः इंजिनातली तेलाची काडी काढून बघणार आहे, कसलं घातलंय ते."

काकांचं मनगट सुरू झालं. साडूने दिलेली भेट नाकारायची कशी? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग काकांनी आपल्या पद्धतीने प्रयोग सुरू केले. दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. एकीत वीस-पन्नास भरलं, एकीत पाच-तीस, आणि दोन्हींवर सवयीने पट्टी चिकटवली. बाटल्या आळीपाळीने फ्रीजमध्ये ठेवायच्या, मग न्हाणीघराच्या खिडकीत उन्हाला ठेवायच्या, आणि चमच्यातून सोडून धार बघायची. काका धार बघताना श्वास रोखत. गार असताना घट्ट तेल चमच्याच्या टोकाला लोंबायचं आणि विचार करत राहायचं. पातळ तेल विचार न करता पडायचं.

"अहो, दुधाशेजारी हे काय आहे?" मावशीने फ्रीज उघडून विचारलं.

"सकाळ," काका म्हणाले.

"आणि न्हाणीघरात?"

"दुपार."

"रात्र कुठे ठेवलीय तेवढं सांगा, म्हणजे मी तिथे झोपायला जाणार नाही."

त्याच घरात आजोबाही होते, म्हणजे मावशीचे आणि आईचे वडील. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करत. आता डोळे थकले होते, पण शर्टाच्या खिशात पेन्सिलीएवढा स्क्रू-ड्रायव्हर अजून असायचा, आणि सैल दिसेल तो स्क्रू ते आवळत. सैल नसेल तर आधी सैल करून मग आवळत. त्यांचे गुडघे वाजायचे. ते उठले की दोन्ही गुडघे एकामागून एक कट-कट करत आणि घरात सगळ्यांना कळे की आजोबा निघाले.

एका सकाळी आजोबा मधल्या खोलीतून चालत आले आणि आम्हाला कुणाला कळलंच नाही. मावशी दचकली. "बाबा! तुम्ही केव्हा आलात?"

"चालत आलो," आजोबा अभिमानाने म्हणाले. "जावईबापूंनी माझ्यासाठी जे औषध करून ठेवलंय ना खिडकीत, ते चोळलं. वर पट्टी होती, तेवढंच घेतलं. एक मात्रा उजव्याला, एक डाव्याला."

मावशी आत गेली आणि त्यांची चादर घेऊन बाहेर आली. "ही चादर काय गॅरेजमध्ये अंथरली होती?"

काका मात्र खुर्ची ओढून आजोबांपुढे बसले. त्यांच्या डोळ्यांत जो उजेड आला होता, तो मी पूर्वी फक्त चमच्याकडे बघताना पाहिला होता.

"कोणती बाटली, बाबा?"

"डावीकडची."

"वीस-पन्नास!" काका म्हणाले. "उठून दाखवा."

आजोबा उठले. आवाज नाही. बसले. आवाज नाही. इतक्या वर्षांच्या मलमांनी, शेकांनी, पट्ट्यांनी जे झालं नव्हतं ते इंजिनच्या तेलाने झालं. सुंठीवाचून खोकला गेला.

"आज दुसरी बाटली लावून बघता का?"

"अहो!" मावशी ओरडली. "ते माझे वडील आहेत, सवत नाही!"

पण आजोबांनाच आता चव लागली होती. त्यांनी रात्री पाच-तीस चोळलं. सकाळी कट-कट परत आलं होतं. शिवाय तेल गुडघ्यावर थांबलंच नव्हतं, घरंगळत घोट्यापर्यंत गेलं होतं, आणि आजोबा एका चपलेतून घसरत दुसरीत उभे होते.

"हे पळपुटं आहे," ते निकाल देत म्हणाले. "जागेवर राहात नाही. जुन्या सांध्याला घट्टच पाहिजे."

त्या दिवसापासून वीस-पन्नासची ती बाटली आजोबांची झाली. ते ती बरोबर घेऊन हिंडू लागले. मिस्त्रींना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला.

"कंपाउंडरसाहेब, तुम्ही माझं ऐकलं नाहीत आणि गुडघ्यांचं ऐकलंत."

"तसं नाही. दोघांचं मत एक आलं."

"बरं झालं. मग आता वीस-पन्नास ओता आणि गप्प बसा. आणि एक, त्या रिबिनीच्या डब्यातलं त्यात मिसळू नका. हे इंजिन आहे, खोकल्याचं औषध नाही."

काका हो म्हणाले. ते नेहमी हो म्हणत.

जायच्या आदल्या दिवशी मी बसने वर जायला निघालो. पुढच्या खोलीत डोकावलो तर काका सवतीपाशी उभे होते. एका हातात वीस-पन्नासचा डबा, दुसऱ्या हातात रिबिनीचा. समोर एक पांढरं मोठं भांडं. आधी त्यांनी घट्ट तेल ओतलं. मग थांबले. मला वाटलं, थांबले म्हणजे झालं. पण नंतर त्यांनी रिबीन सोडली, ती नीट घडी करून खिशात ठेवली, आणि तेवढंच पातळ तेल वरून ओतलं. मग लाकडी पळीने सावकाश ढवळलं. दोन्ही डगरींवर एकेक पाय ठेवून उभा असलेला माणूस इतका समाधानी मी कधी पाहिला नव्हता.

"काका, मिस्त्री म्हणाले होते…"

"अर्धं त्यांचं आहेच की," ते म्हणाले. "तुझे वडील काडी काढून बघणार. त्यांना मी काय सांगू? आता विचारलंच तर खरंच सांगता येईल, तुमचं घातलं. मिस्त्रींनाही खरंच सांगता येईल. कुणाचं मन मोडलं नाही."

"आणि सवतीचं?"

त्यांचं मनगट हलू लागलं. मी बस गाठायला निघालो.

दुसऱ्या दिवशी आईवडील आणि मी अंगणाच्या दारात उभे होतो तेव्हा आधी आवाज आला आणि मग फिकं हिरवं नाक वळणावरून वर आलं. धूर नव्हता, दोर नव्हता. काका चालवत होते. शेजारी मावशी बसली होती, ताठ, परीक्षा घ्यायला बसलेल्या मास्तरणीसारखी. आणि दोघांच्या मागे, जिथे बॅगा ठेवायची फळी असते तिथे, आजोबा आडवे कोंबलेले होते. गुडघे हनुवटीला लागलेले, मांडीवर बाटली. तेलाचा तज्ज्ञ म्हणून त्यांनी यायचा हट्ट धरला होता.

काकांनी गाडी अंगणात घेतली, मागच्या भिंतीकडे तोंड करून लावली आणि प्रवास सुरू केल्यापासून पहिल्यांदा किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग ते उतरले आणि गाडीच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले.

"नाही लागला," ते म्हणाले. "रेल्वेच्या फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत उभे होतो. ही तापलेली. मी उतरून पोट बघितलं, एक थेंब नाही. परत येऊन बसलो, दिव्याकडे बघितलं. अंधार. काळाभोर अंधार!"

"लागला नाही," मावशीही म्हणाली. ती सरळ आत गेली, आईला मदत करायला.

जेवताना काकांनी त्या अंधाराचं वर्णन आणखी दोनदा केलं. तो दर वेळी जास्त काळा होत होता. वडील घास घेता घेता हसत होते. "माझ्या पातळ तेलाची करामत, साडू."

"तुमचंच घातलं," काका म्हणाले. खोटं नव्हतं.

वडिलांना राहवेना. ते ताटावरून उठले, हात धुतला, किल्ली घेतली आणि काडी बघायला अंगणात गेले. आम्ही खिडकीतून त्यांना बघत होतो. त्यांनी गाडीत बसून किल्ली अर्धी फिरवली, पुन्हा फिरवली, वाकून बघितलं, आणि परत आले. काडी त्यांनी काढलीच नव्हती.

"साडू, तुमचा दिवाच लागत नाही."

"तेच तर सांगतोय सकाळपासून!"

"तसं नाही. इंजिन चालू करायच्या आधी नुसती किल्ली फिरवली, की तो लागायलाच पाहिजे. प्रत्येक गाडीत लागतो. इंजिन सुरू झालं की विझतो. तुमचा मुळातच लागत नाही. बल्ब नाहीये त्याच्यात."

काकांनी घास ताटात परत ठेवला. "सकाळी निघताना लागला होता. मी बघितला. मग विझला."

"मग गेला कुठे?"

"माझ्याकडे आहे," आजोबा म्हणाले.

ते शांतपणे जेवत होते. त्यांनी डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून आधी स्क्रू-ड्रायव्हर काढला, मग एक बटण, आणि मग मटाराएवढा छोटा बल्ब काढून मिठाच्या वाटीशेजारी ठेवला.

"डोळ्यांत येत होता. मी मागे असा तिरका, आणि तो बरोबर समोर, लालभडक. फाटकापाशी गाडी थांबली, जावईबापू खाली उतरून वाकले, आणि हा लागला. म्हटलं, सैल झाला असेल. काढला. लाल टोपण परत घट्ट बसवलं हं, काम अर्धवट नाही टाकत मी."

"म्हणजे दिवा लागला होता!" वडील म्हणाले. ते दुःखी नव्हते. "थांबा, थांबा. इंजिन चालू होतं की बंद? बंद असेल आणि किल्ली लावलेली असेल, तर तो लागणारच, त्याला काही अर्थ नाही. पण चालू इंजिनात लागला असेल तर दाब गेला, साडू. मग मी दातांच्या डॉक्टरांना…"

"चालूच असणार," आजोबा म्हणाले. "मला हादरे बसत होते."

सगळे मावशीकडे बघू लागले. ती गाडीतच होती. आजोबांचा हात तिच्या खांद्यावरून पुढे गेला असणार.

मावशी आपल्या ताटाच्या कडेला बोट फिरवत होती.

"ते हादरे तुमच्या गुडघ्यांचे, बाबा," ती म्हणाली. "इंजिन बंद होतं."

"तू पाहिलंस?" वडिलांनी विचारलं.

"मी डोळे मिटून बसले होते. ऊन होतं."

"मग कशावरून?"

"डोळे मिटले म्हणून कान मिटत नाहीत, भावोजी. बंद होतं. ह्यांनी उतरताना किल्ली फिरवली, मी ऐकलं. वर येईपर्यंत दिवा लागायचा नाही असं ठरलं होतं, तो लागला नाही. गाडी राहील." मग ती आईकडे वळली. "ताई, तुझ्याकडे ते छोटं घडीचं मेज आहे ना? मला दे. मशीन पलंगाच्या दुसऱ्या बाजूला सरकवून बघते. या बाजूच्या गुडघ्याला आता सवय झालीय, दुसऱ्याला जरा होऊ दे."

वडील पुन्हा खुर्चीत बसले. वाटेत इंजिन बंद करायचं नाही हा काकांचा नियम त्यांना माहीत नव्हता. मला माहीत होता. मावशीला तर तो कोबीच्या टेम्पोपासून माहीत होता.

मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता मनगट हलणार. आता ते म्हणणार की तुमचंही खरं, हिचंही खरं, बाबांचंही खरं. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्यांचे दोन्ही हात टेबलावर पडून होते, मोकळे, आणि एकही हलत नव्हता. ते मावशीकडे बघत होते. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मन लावून ताटाला बोटाने गोल काढत होती.

काकांनी हात रुमालाला पुसले. खिशातून रिबीन काढली आणि वडिलांच्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली. वडिलांना ती कसली हे कळायला थोडा वेळ लागला. मग काकांनी मिठाच्या वाटीपासचा बल्ब उचलला, उजेडात धरून त्यातली तार बघितली. आजोबांच्या खुर्चीखाली वीस-पन्नासची बाटली होती, पट्टी चिकटवलेली, अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली.

"माझ्या संध्याकाळच्या दोन मात्रा ठेवा," आजोबा म्हणाले.

काका वाकले, बाटली घेतली, आणि ती अजिबात न हलवता, एका हातात बाटली आणि दुसऱ्यात बल्ब धरून, अंगणात सवतीकडे निघून गेले.